मॅट टाकीवरचा माझा अंगठा

“आई, टाकीवर कुंकू नाही म्हणजे नाही!”

चिंचवडच्या शोरूममध्ये, शनिवारी भर दुपारी, मी सासूबाईंचं मनगट हवेतल्या हवेत धरलं होतं. त्यांच्या बोटावर ओलं कुंकू. समोर माझी नवीकोरी टुरिंग मोटारसायकल. शेजारी नवरा, संजय, पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा. आईची बाजू घ्यावी की बायकोची, ते न कळल्यामुळे तो आपला पेढे खात होता.

“कुंकू न लावता गाडी रस्त्यावर काढायची व्हय गं?” आम्ही मूळचे बार्शीकडचे. मोशीत येऊन वीस वर्षं झाली तरी आईंची बोली तशीच आहे. “तुझ्या त्या मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं. ही काय लई शानी लागून गेली?”

“मिक्सर चकचकीत होता, आई. ही मॅट आहे.”

“म्हंजी?”

म्हणजे काय ते तुम्हालाही सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरच आहे.

मी महाळुंग्याच्या एका पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं झाली. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या आमच्याकडे रंगवल्या जातात आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जातात. माझी ही गाडीही त्याच कंपनीची. टाकीच्या रंगावर शेवटी एक पारदर्शक थर मारतात, त्याला क्लिअर कोट म्हणतात. नेहमीच्या रंगात हा थर अगदी सपाट असतो, म्हणून चकाकतो. मॅटमध्ये तो मुद्दाम किंचित खरखरीत ठेवलेला असतो. डोळ्याला दिसत नाही, पण उजेड त्यावर विखुरतो आणि चमक येत नाही. आता शहाबादी फरशी आठवा. रोज पाय पडून पडून उंबऱ्याजवळ ती कशी गुळगुळीत होते? मॅट रंगाचं अगदी तसंच. घासला की चकाकला, आणि एकदा चकाकला की परत पहिल्यासारखा होत नाही. साध्या रंगावर बारीक चरा पडला तर पॉलिश मारून घालवता येतो. मॅटला पॉलिश मारलं की टाकीच गेली.

म्हणून मॅट गाडीला मेण नको, पॉलिश नको, कोरड्या फडक्याने पुसणं नको. सावलीत उभी करायची, भरपूर पाणी मारायचं, साधा शाम्पू, मऊ कापड, आणि हात असा फिरवायचा की बाळाचं तोंड पुसतोय. ओलं कुंकू वाळलं की काढायला घासावं लागतं. म्हणून नको.

हे सगळं मी आईंना, नवऱ्याला, डिलिव्हरी देणाऱ्या मुलीला आणि शेजारी स्कूटर घ्यायला आलेल्या एका अनोळखी कुटुंबालाही समजावून सांगितलं. डिलिव्हरीवाली मुलगी मधेच म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे शाइन कोटिंग पण आहे.” मी तिच्याकडे असं काही बघितलं की तिने फाइल मिटली.

खरं सांगू? त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतेच. लेक शिकायला बाहेरगावी गेली, घर सुनंसुनं झालं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की आता मोठी गाडी घ्यायची आणि फिरायचं. पहिली ट्रिप तारकर्ली. नकाशा फ्रीजवर चिकटवून झाला होता. चामड्याचे रायडिंगचे हातमोजे आठवडाभर आधीच आणले होते आणि त्या दिवशी मी ते घरूनच घालून निघाले. मोशी ते चिंचवड, भर उन्हात, आईंबरोबर रिक्षात; नवरा स्कूटरवर पुढे. रिक्षावाल्याने दोनदा आरशात बघितलं. बघू दे की!

शेवटी आईंशी तह झाला. कुंकू गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचं. उरलेलं त्यांनी माझ्या कपाळावर लावलं. “गाडी न्हाई तर न्हाई, चालवणारीला तरी लावते.” मला एकदम भरून आलं. मी वाकून नमस्कार केला.

आता या सगळ्या आनंदात एक खडा होता, तोही सांगायला हवा.

मॅट टाक्यांचं काम आमच्याकडे नवीनच सुरू झालं होतं. त्याआधी सगळा चकचकीत रंग. पहिले लॉट गेले आणि कस्टमरकडून, म्हणजे गाडीच्या कंपनीकडून, तक्रारी यायला लागल्या. टाकीच्या झाकणाच्या डाव्या अंगाला एक चमकणारा डाग. लांबट, थोडा तिरका, मोठ्या करंजाच्या बीएवढा. सगळ्या टाक्यांवर नाही, पण ज्यांवर होता त्यांवर जवळपास तिथेच. आम्ही ओव्हनचं तापमान तपासलं, थिनर बदलला, पॅकिंगच्या पिशव्या घासतात का ते पाहिलं. काही हाती लागेना. आणि आमच्या धंद्यात तक्रारीच्या फॉर्मवर ‘रूट कॉज’ म्हणजे मूळ कारण नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवता येत नाही.

मॅटचा क्लिअर कोट कुठे जाड बसला की तिथे चमक वाढते, हे खरं आहे. त्यामुळे संशय गेला स्प्रे मारणाऱ्यावर. दत्ता गर्जे. बीडचा माणूस, बारा वर्षं स्प्रे गन धरतोय. आमचे प्लांट हेड तापकीर साहेब म्हणाले, “मॅडम, काहीतरी लिहा राव, कस्टमर डोक्यावर बसलाय.” आणि मी लिहिलं, ‘स्प्रेची पद्धत चुकीची. ऑपरेटर: दत्ता गर्जे.’ खाली सही केली. दत्ताला रंगाच्या बूथमधून काढून माल चढवायला लावलं. सोमवारी कस्टमरचे ऑडिटर येणार होते. त्यांनी तो फॉर्म मान्य केला की महिनाअखेर दत्ताचं कॉन्ट्रॅक्ट संपवायचं, असं ठरलं होतं.

दत्ता माझ्याकडे आला होता. “मॅडम, माझा हात आसा नाई. तुमाला म्हाईत हाय.”

“तपास चालू आहे, दत्ता,” मी म्हणाले होते. तपास बिपास काही चालू नव्हता. मलाही ते माहीत होतं आणि त्यालाही.

तर, शोरूम.

“मॅडम, फोटो काढू या. टाकीवर हात ठेवा,” मुलगी म्हणाली.

“हात नाही ठेवणार. वर धरते.”

मी गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिले, मोजा घातलेला उजवा हात टाकीच्या वर वीतभर धरला आणि हसले. नवरा मोबाइल सरसावून वाकला. तेवढ्यात मला झाकणाजवळ एक दाणा दिसला.

दाणा म्हणजे रंगात अडकलेला धुळीचा कण. पेंट शॉपवाल्यांचा जन्माचा वैरी. तो रंगाच्या वर नुसता बसलाय की रंगाच्या आत अडकलाय, हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी आम्ही अंगठा वापरतो. दाबून दोन-तीनदा फिरवायचा. निघाला तर वरचा, नाही निघाला तर आतला. भात शिजला का बघायला शीत बोटाने दाबतो ना, तसं. याला कुणी काम म्हणत नाही की कुणी त्याची नोंद करत नाही. हात आपोआप जातो.

माझा गेला. पहिल्या दाबाला दाणा निघेना, म्हणून मी जोर लावला. चामड्याचा नवा अंगठा, करकरीत. आठ-दहा वेळा चांगला रगडला. निघाला. तो दाणा नव्हताच, पेढ्याचा तुकडा होता.

मी समाधानाने मान तिरकी करून बघितलं, सवयीने.

झाकणाच्या डाव्या अंगाला चमकणारा डाग.

“अगं बाई!” सासूबाई. “मला कुंकवाचं बोट लावू दिलं न्हाई, आन् सोता काय केलंस गं?”

“पेढा माझ्या हातून पडला वाटतं,” नवरा पुटपुटला.

मुलगी धावत शाम्पूचं पाणी आणि मऊ कापड घेऊन आली. बिचारीने माझंच मघाचं भाषण ध्यानात ठेवून अगदी हलक्या हाताने पुसलं. डाग तेलाचा असता तर गेला असता. गेला नाही. मी एका खुर्चीत बसले. चावी हातात येऊन दहा मिनिटं झाली नव्हती. एकोणीस वर्षं टाक्या तपासणारी बाई, आणि स्वतःच्या टाकीची अशी वाट लावून बसली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

मग मी पुन्हा उठून डागाकडे बघितलं. लांबट. थोडा तिरका. करंजाच्या बीएवढा.

मी मोबाइल काढला. तक्रारीचे फोटो त्यात होतेच. पहिला फोटो टाकीशेजारी धरला. दुसरा धरला. तिसरा.

“सापडलं!”

मी इतक्या जोरात ओरडले की स्कूटरवाल्या कुटुंबातलं लहान लेकरू रडायला लागलं. “संजय, सापडलं! आई, सापडलं हो!” मी आईंना धरून गरागरा फिरवलं. त्यांच्या हातातलं कुंकवाचं तबक मुलीने झेललं म्हणून वाचलं. नवी गाडी खराब केल्यावर एवढी खूश झालेली बाई त्या शोरूमने आधी पाहिली नसणार.

तिथूनच तापकीर साहेबांना फोन लावला.

“साहेब, रूट कॉज सापडला!”

“मॅडम, आज सुट्टी ना तुमची? गाडी घ्यायला गेलाय ना?”

“गाडीवरच सापडला. अंगठा आहे, साहेब, अंगठा!”

पलीकडून घाबरलेला आवाज. “कुणाचा तुटला?”

“तुटला नाही हो. माझा आहे, जागेवर आहे. मी येतेच, तुम्ही प्लांटवर थांबा.”

“आत्ता?”

“आत्ता!”

आईंना मागे बसवलं, अंबाड्यावर कसंबसं हेल्मेट चढवलं आणि निघाले. निगडी, देहू, येलवाडी करत महाळुंगे. नवरा स्कूटरवर मागून. कंटेनरच्या रांगांमधून माझी गाडी अशी काही सरळ चालली म्हणता! आई आधी माझ्या पोटाला घट्ट धरून होत्या. देहूच्या पुढे त्यांनी एक हात सोडला आणि येलवाडीला म्हणाल्या, “थोडी जोरात घे की.” गेटवर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये त्यांनी ठाण मांडलं आणि उरलेले पेढे वाटायला सुरुवात केली.

मी कुणाला काही न बोलता इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. टाक्या ओव्हनमधून निघून हँगरवर टांगलेल्या येतात. तपासणाऱ्या मुली टाकीच्या डाव्या बाजूला उभ्या राहतात. एकीचं नाव सुनीता. तिने टाकीवरून नजर फिरवली, झाकणाजवळ थांबली, मोज्यातला अंगठा दोनदा फिरवला, टाकी पुढे ढकलली.

“सुनीता, आत्ता काय केलंस?”

“काही नाही, मॅडम.”

“अंगठा फिरवलास.”

“ते होय? ते तर करायचंच असतं.” मग जरा दचकून म्हणाली, “तुम्हीच शिकवलंय की मॅडम.”

खरं होतं. त्या टेबलावरच्या एकूणएक मुलीला मीच शिकवलेलं. तक्रारी आल्या तेव्हा आठवडाभर आम्ही त्यांना विचारत होतो, “पॉलिश लावलंत का? कपडा मारलात का?” आणि त्या शपथेवर नाही म्हणत होत्या. अंगठ्याबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण विचारणारी मीच होते. चकचकीत रंगावर अंगठ्याने काहीच होत नाही. ओव्हनमधून नुकत्या आलेल्या कोमट मॅट टाकीवर मात्र दोन वेळा फिरवला तरी पुरतो. डाग लगेच दिव्याखाली दिसतही नाही, बाहेर उन्हात नेली की दिसतो.

आम्ही सहा टाक्या घेतल्या. तीन टाक्यांवर अंगठा फिरवला, उरलेल्या तिनांना हात लावला नाही. यार्डात उन्हात नेऊन ठेवल्या, तर अंगठा फिरवलेल्या तिनांवरच डाग दिसला. तापकीर साहेबांनी कमरेवर हात ठेवून दोन फेऱ्या मारल्या.

“आयला,” ते म्हणाले. “आन् आपण ओव्हन खोलून बसलो होतो.”

“साहेब, फॉर्म बदलायचा.”

“बदलू. रूट कॉज काय लिहायचा?”

“तपासणीची पद्धत.”

“आन् जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात?”

“माझं नाव.”

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मॅडम, जरा दमानं घ्या राव. पहिला फॉर्म कस्टमरकडे पोचलाय. त्यात गर्जेचं नाव आहे. आता तुमचं लिहिलं तर ते म्हणतील, यांची क्वालिटीच डाग पाडते. मॅटचं काम जाईल, आन् तुमची खुर्ची पण हलंल.”

“हलू दे. गाडी घेतलीय नवीन, फिरत बसेन.”

हे मी मोठ्या रुबाबात म्हणाले. रविवारभर मात्र गाडीची चावी खुंटीवरच होती. नवऱ्याने विचारलं, “एक राउंड मारू या का?” तर मी म्हणाले, “सोमवारनंतर.”

सोमवारी ऑडिटर आपटे साहेब आले. बारीक, नीटनेटके, आवाज कधी वर नाही की खाली नाही. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले.

“तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही स्प्रेअरचं नाव दिलंत. आज स्वतःचं देताय. मी कशावर विश्वास ठेवायचा?”

“आजच्यावर, साहेब. पहिल्या वेळी माझ्याकडे पुरावा नव्हता. तरी सही केली, ती माझी चूक.”

“आज पुरावा आहे?”

“पार्किंगमध्ये उभा आहे.”

त्यांच्या भुवया वर गेल्या. पण आले. चमक मोजायचं छोटं यंत्र असतं, ग्लॉस मीटर, ते त्यांनी स्वतः हातात घेतलं. आधी माझ्या टाकीच्या उजव्या अंगाला टेकवलं, मग डागावर. आकडा चढला. शनिवारच्या टाक्यांवर लावलं, तसाच चढला. त्यांनी वाकून डागाचा तिरकेपणा पाहिला, माझा उजवा हात पुढे करायला सांगितला आणि अंगठा डागाच्या वर धरून पाहिला. तंतोतंत.

“ही तुमची स्वतःची गाडी?”

“हो.”

“घेऊन किती दिवस झाले?”

“दोन.”

“आणि आम्हाला दाखवण्यासाठी तुम्ही मुद्दाम…”

“छे हो साहेब! पेढा पडला होता.”

आपटे साहेबांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग ओठ हलले, मग खांदे, आणि मग तो माणूस माझ्या गाडीच्या सीटला धरून इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. तापकीर साहेब आधी बिचकत, मग मोकळेपणाने हसायला लागले. मी तर काय, शनिवारपासून हसायचीच बाकी होते.

काम राहिलं. नवी पद्धत ठरली. मॅट टाकी पूर्ण गार झाल्याशिवाय तपासायची नाही. दाणा दिसला तर हवेची फुंकर मारायची, तिरक्या दिव्याखाली बघायचं, तरी कळलं नाही तर टाकी बाजूला ठेवायची. हात लावायचा नाही. माझी खुर्ची वाचली. माझ्या फाइलला ताकीद लागली, ती रास्तच होती.

मग मी लोडिंगला गेले. तिथे आठ-दहा जण होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, “दत्ता, डाग तुझा नव्हता. माझा होता. मी न बघता सही केली. चुकले.”

त्याने खांद्यावरचा खोका खाली ठेवला. माझ्या गाडीची गोष्ट तिथवर पोचलेली होतीच. “गाडी कुठंय?” एवढंच विचारलं.

पार्किंगमध्ये तो गाडीभोवती एकदा सावकाश फिरला. खाली बसून टाकीची कड पाहिली, उन्हाच्या दिशेने मान वाकडी करून पाहिलं. त्याने हात मागे बांधले होते.

“ही पयल्या लॉटची हाय,” तो म्हणाला. “त्या येळी मॅटच्या बूथात मी एकलाच होतो.”

मला हे सुचलंच नव्हतं.

“डाग सोडा, मॅडम. रंग कसा आलाय?”

आमच्या इन्स्पेक्शनमध्ये चांगलं म्हणायची पद्धत नाही. टाकी एकतर ओके असते नाहीतर रिजेक्ट. एकोणीस वर्षांत मी कुठल्याच स्प्रेअरला याहून जास्त काही म्हटलं नव्हतं. मी ती टाकी पहिल्यांदाच नीट बघितली. कडेला जाड नाही, वळणावर पातळ नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, साईसारखा बसलेला रंग.

“एक नंबर आलाय, दत्ता. खरंच एक नंबर.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मंग तेवढं त्या कागदावर बी लिवा की. वाईट लिवलं तवा कागदावर लिवलं हुतं.”

मी ऑफिसात आले. तापकीर साहेबांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. “मॅडम, चांगलं लिहायचा रकानाच नाही यात.”

मग मी समासात लिहिलं. ‘रंगाचा दर्जा उत्तम. स्प्रेअर: दत्ता गर्जे.’ आणि खाली सही केली. त्याची झेरॉक्स दत्ताने मागून घेतली आणि चौकोनी घडी करून वरच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो बूथमध्ये.

टाकी मी बदलली नाही. नवीन मुली भरती झाल्या की पहिल्या दिवशी त्यांना पार्किंगमध्ये नेते आणि तो डाग दाखवते. फळ्यावर लिहून जे तासाभरात कळत नाही, ते तिथे एका मिनिटात कळतं. तारकर्लीला जाऊन आले, गाडी झकास चालते. तुम्ही मॅट गाडी घेणार असाल तर सांगते, काहीही दिसलं तरी हात मागे घ्या. आणि चूक कुणाची, या रकान्यात कुणाचं नाव घालायची वेळ आली, तर सहीचं पेन उचलण्याआधी तो स्वतःचा हात एकदा उजेडात धरून बघा.